पाशानं भाजलेली जीभ

आमच्या चाकिलदेरे गावात एडका निवडायचा तर हुर्शितनंच, ही रीत माझ्या कळत्या वयाच्या आधीपासूनची. शरदात कळपात एडके सोडायचा दिवस जवळ आला की डोंगरापलीकडची माणसंसुद्धा आपापले एडके हाकत याच्या अंगणात आणायची. हा गडी आधी हात पाठीमागे बांधून एडक्याभोवती फिरणार. मग शिंगं धरून मान वळवणार, अंगठ्यानं खालची पापणी ओढून आतला रंग बघणार, दातांवरून बोट फिरवणार, आणि खालचं जे चाचपायचं ते बायाबापड्यांसमोर बिनदिक्कत चाचपणार. शेवटी तोंड वाकडं करून विचारणार, "ह्याची आय कोन?"

मालकानं आई सांगितली की हुर्शितला त्या आईची आईसुद्धा आठवायची.

"ती व्हय. तिच्या पापन्या आत वळल्याल्या हुत्या. पार पानी गळायचं डोळ्यांतनं. ह्याला न्ह्या खाटकाकडं. ह्याला सोडलासा तर निम्मी कोकरं आंधळी हिंडतील."

मालक निमूट एडका खाटकाकडं न्यायचा. मेंढराच्या बाबतीत हुर्शितचं कधी चुकलं असं मला आठवत नाही. कुठलं खोड आईकडून आलं, कुठलं बापाकडून, कुठलं एक पिढी दडून बसून नातवात उगवलं, हे तो बोटांवर सांगायचा. घरात पाऊल टाकलं की मात्र हे सगळं शहाणपण चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर राहायचं.

माझं चहाचं दुकान मशिदीसमोर आहे. शेगडीजवळची, भिंतीला टेकलेली खुर्ची हुर्शितची. त्याच्या घराण्याची गोष्ट मी त्या खुर्चीतून इतक्यांदा ऐकलीय की झोपेत विचारली तरी सांगेन. त्याच्या पणजोबाच्या काळी सुलतानाचा एक पाशा मेंढरांचा कर गोळा करत गावात आला. गावानं मेंढरं डोंगरात लपवली होती. पाशानं विचारलं, मेंढरं कुठं आहेत. पणजोबा म्हणाला, तुझ्या बापानं खाल्ली. पाशानं त्याला अक्रोडाच्या झाडाला बांधलं आणि जळता निखारा त्याच्या जिभेवर ठेवला. तेव्हापासून म्हणे त्या घराण्यातल्या अस्सल रक्ताच्या माणसाचं तोंड आतून पेटतं.

पेटायचं हे मात्र खरं. जिभेवर, गालाच्या आत, ओठामागं पांढरे खड्डे पडायचे, आणि आठवडाभर ताकाशिवाय काही गिळवायचं नाही. बरं होतंय तोवर पुन्हा. गावात दुसऱ्या कुणाचं तोंड आलं तर तो मिठाच्या पाण्याची चूळ भरून गप घरी बसतो. हुर्शित माझ्या दुकानात येऊन ओठ उलटा करायचा आणि लग्नात मिळालेलं घड्याळ दाखवावं तसा आतला खड्डा सगळ्यांना दाखवायचा.

"बगा. पाशाचा निखारा."

त्या घरात अक्रोडही कुणी खायचं नाही. अक्रोड खाल्ला की तोंड पेटतं, एवढंच कारण. पण साधं कारण त्या घराला कधी पुरलं नाही. पणजोबाला अक्रोडाच्या झाडाला बांधलं, म्हणून अक्रोडाशी वैर. फोड तोंडातच थांबायचे असंही नाही. आणखी एका जागी यायचे, जी जागा कुणी चहाच्या दुकानात उलटी करून दाखवत नाही. पाशानं तिथं निखारा का ठेवला, याबद्दल गोष्टीत एक अक्षर नव्हतं.

हुर्शितचा बाप चाळिशीच्या आतच आंधळा झाला. आधी डोळे लाल झाले, मग उजेड सोसेना, मग धुकं, मग काळोख. ज्या ओढ्यातून जन्मभर मेंढरं नेली त्याच ओढ्यात पडायला लागला. आता अस्सल रक्ताचा माणूस ओढ्यात पडतो हे कसं चालायचं? तेव्हा घरानं सांगायला सुरुवात केली की म्हाताऱ्याला टेकडीवर अल्लाचं तेज दिसलं आणि त्या तेजानं डोळे दिपले. गावालाही असलं काही हवंच असतं. मेल्यावर म्हातारा पीर झाला. थडग्याजवळच्या झुडपाला बाया चिंध्या बांधायला लागल्या. नवस कसला, तर डोळे बरे होऊ देत. मी हुर्शितला एकदा म्हटलं, आंधळ्याकडं डोळे मागायचे म्हणजे टकल्याकडं कंगवा मागितल्यासारखं झालं.

"तुला न्हाई कळायचं, रिफात," तो म्हणाला. "तुझ्या घरात चहाच्या आधनापलीकडं कुनी काय बगितलंय?"

आता त्याचा धाकटा भाऊ बेकिर. बेकिरचं तोंड कधी आलं नाही. त्याच घरात वाढूनही पोरपणी तो खिसे भरभरून अक्रोड खायचा, माझ्या दुकानात आजही खातो. सख्खा भाऊ, तेच नाक, तीच फेंगडी चाल, पण तोंडात निखारा नाही. हुर्शितनं यावरून जो निकाल काढला तो एडक्याबद्दलसुद्धा त्यानं इतक्या घाईनं काढला नसता. चारचौघांत हसत हसत तो म्हणायचा, "आमच्या आयला त्या साली बाजारला लई फेऱ्या पडायच्या." स्वतःच्या मेलेल्या आईबद्दल. लोकही हसायचे. बेकिर अक्रोड फोडत राहायचा.

बेकिर लष्करात असताना दवाखान्यात कामाला होता, त्यामुळं परत आल्यावर गावात इंजेक्शनं तोच द्यायचा. एका थंडीत हुर्शित तापानं फणफणला आणि नाइलाजानं भावाकडून टोचून घेतलं. दोन दिवसांत टोचल्या जागी पुवाचा फोड आला. ताप उतरला, पण हुर्शितनं फोड जपला आणि बाही वर करून गावभर फिरवला.

"परक्या रगताचा हात. सुई लावली की सडतंया."

बेकिर सुई उकळून घ्यायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. पण फोड दिसतो, उकळलेलं पाणी कुणाला दिसत नाही. लोक त्याच्याकडं जायचे बंद झाले. तेव्हापासून इंजेक्शनसाठी आमचं गाव तापलेल्या अंगानं ओढा ओलांडून खालच्या गावाला जातं, आणि ज्याच्यामुळं जातं त्याला पहिला सलाम ठोकतं.

हुर्शितला मुलगा एकच, तहसीन. बापावर न गेलेला, म्हणजे कमी बोलणारा. तोंडाचा वारसा मात्र त्याला पोरपणापासून पुरेपूर मिळाला होता. लष्करातून परतला त्या वर्षी तालुक्याच्या बाजारात झाडू विकणाऱ्या इल्यासची मुलगी मुनेव्वर त्याला आवडली. आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा डावा डोळा लाल झाला.

आधी आईनं बाबुण्याच्या फुलांच्या काढ्यानं शेकला. डोळा निवला, पुन्हा लाल झाला. तहसीन उन्हात डोळा मिटून चालायला लागला, मग सावलीतही. एकदा माझ्याकडं चहा घेताना त्याची बोटं पेल्याच्या शेजारी टेकली. पेला होता तिथं हात गेलाच नाही. बेकिरनं ते बघितलं.

"दादा," तो हुर्शितला म्हणाला, "ह्याला शहरात डोळ्याच्या डागदरकडं न्ह्या. बाऽचंबी असंच सुरू झालं हुतं."

"बाऽचं म्हंजे माझ्या बाऽचं," हुर्शित म्हणाला. "तुझा काय संमंद?"

"माझा नसंल. पोराचा डोळा हाय."

"आज्याचा डोळा हाय त्यो. रगतात हाय. तुझ्यात न्हाई म्हनून तुला दुखनं दिसतंय. उद्या म्हनशील आमच्या नाकालाबी औषीद घ्या."

"नाक गेलं तर वास येनार न्हाई येवढंच," बेकिर म्हणाला. "डोळा गेला तर मेंढरं कोन बगनार?"

तहसीननं मान खाली घालून बोटांनी पेला शोधला.

मुलगी मागायला जायचं ठरलं. झाडूवाल्याच्या दारात जायला हुर्शित तयार नव्हता, पण तहसीननं सांगितलं की नाहीतर मी परत लष्करात नाव घालतो. मला बरोबर घेतलं, कारण असल्या बैठकीत गोड बोलणारा एक माणूस लागतो आणि त्या घरात तसा कोणी नव्हता. त्या दिवशी तहसीनचं तोंड पार फुटलं होतं. मिनीबसमध्ये तो ओठ न हलवता म्हणाला, "बाबा, फुडल्या आठवड्यात जाऊ."

का, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मुलगी मागायला गेलं की मुलगी सगळ्यांना कॉफी देते, आणि मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. मुलानं तोंड वेडंवाकडं न करता ती संपवायची. एरवी ही गंमत असते.

"आजच," हुर्शित म्हणाला. "घालू दे तिला मूठभर. पाशाचा निखारा सोसला आपन. झाडूवालीचं मीठ काय घिऊन बसलास?"

इल्यासचं घर नीटनेटकं होतं. दारामागं झाडूंच्या मोळ्या, आत स्वच्छ चादरी. इल्यास आणि त्याची बायको दोघंही दबून बोलत होती. मुलगा वेदात कुठंय म्हणून मी विचारलं, तर कामाला गेलाय म्हणाली, आणि दोघांनीही एकाच वेळी आतल्या बंद दाराकडं बघितलं. मी गोड बोलायला आलेला माणूस, मी बघितलं नाही असं केलं.

मुनेव्वर तबक घेऊन आली. उंच, हात झाडूच्या कामानं चिरलेले. तिनं कप दिले. तहसीननं पहिला घोट घेतला आणि त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"घाई नगं," हुर्शित शेजारून म्हणाला. "तोंडात धर. घोळव जरा."

आणि मुलानं धरली. आजवर मी खाटकाच्या सुरीखाली मेंढरं बघितलीत, त्यांना निदान कुणी घोळव म्हणत नाही. तहसीनच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, डाव्यातून जास्त. दुसरा घोट, तिसरा. कपाच्या काठावर लाल रेघ उमटली.

हुर्शितची छाती फुगली. "बगा, इल्यास. भिवई हलली का? ह्याला रगत म्हनत्यात." आणि त्यानं पाशाची गोष्ट सुरू केली. तो निखाऱ्यापर्यंत पोचला तेव्हा मुनेव्वर तबक खाली ठेवून तहसीनसमोर उभी राहिली होती.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"मुनेव्वर," तिची आई म्हणाली.

"उघडा ना. मला माहीत असतं तर मीठ घातलं नसतं." तहसीननं उघडलं. तिनं आत बघितलं, मग डाव्या डोळ्याकडं. "डोळा कधीपासून लाल आहे?"

"उन्हाळ्यापास्नं."

"धुकं दिसतं?"

"व्हय."

"आई, हे वेदातचंच आहे."

आईनं ओढणीचा पदर तोंडावर घेतला. "गप बस गं कार्टे. तुझं लग्न व्हायचंय."

आतलं दार उघडलं. काळा चष्मा लावलेला एक तरुण भिंतीला हात लावत बाहेर आला. तो वेदात. बहिणीचं लग्न ठरेपर्यंत त्याला आत कोंडून ठेवायचं असं घरात ठरलेलं होतं.

"माझाबी डावाच आधी गेला," तो तहसीनला म्हणाला. "आम्ही उशीर केला. मौलवीकडनं ताईत आणले, शेकलं, वाट बघितली. उजव्यातलं थोडं वाचलंय. तुझा उजवा अजून पांढरा दिसतूय. आठवडा घालवू नगंस."

मी म्हटलं, आता हुर्शितला घाम फुटेल, आता मुलाचा हात धरेल. त्याच्या कपाळावर आठी होती खरी. तो इल्यासकडं वळला.

"तुमच्या घरात कुना पाशाचा संमंद?"

"पाशाचा?" इल्यास गोंधळला. "आमच्या घरात पोस्टमनचाबी संमंद न्हाई, हुर्शितआगा. आम्ही झाडू बांधतो."

"मग ह्याच्या तोंडात कसं आलं?"

"त्ये अल्लाला ठावं. माझ्या मावशीलाबी हुतं."

हुर्शित उठला. "शंबर वर्सं जपल्यालं रगत," तो मला म्हणाला, "आनि ह्यो झाडूवाला मावशी दाखवतूय. चल, तहसीन."

तहसीन उठला नाही. मीही नाही. माझ्या कपात साखर होती आणि कॉफी फार चांगली जमली होती.

तिसऱ्या दिवशी कळलं की तहसीन घरी न येता तिथूनच वेदातबरोबर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला आणि त्याला ठेवून घेतलंय. हुर्शितनं मला उठवलं. "चल. पोराला घिऊन येऊ. शिकाऊ डागदर चिरफाड करत्यात."

दवाखान्यात तहसीनच्या डोळ्यावर पट्टी होती आणि हाताला सलाईन. एक ठेंगणी डॉक्टरीणबाई त्याचा दुसरा दंड उजेडात धरून बघत होती. दोन दिवसांपूर्वी तिनं तिथं मुद्दाम सुई टोचली होती. त्या जागी आता पुवाचा टिपका होता. हुर्शितनं तो बघितला आणि त्याचा आवाज चढला.

"तुमचीबी सुई घाण. बग, रिफात, सडवला पोराचा हात. बेकिरसारख्याच ह्या."

"सुई स्वच्छ होती," बाई म्हणाली. तिला अशा आवाजांची सवय असावी. "साध्या माणसाला टोचलं तर काही उठत नाही. या आजारात नुसतं टोचलं तरी असा फोड येतो. मला तोच बघायचा होता. तुम्हालाही कधी आला होता का?"

हुर्शितनं बाही खाली ओढली.

"त्याला बी आला हुता," मी म्हटलं. "त्याच्यावरनं भावाचा धंदा बसवला त्यानं."

बाईनं आम्हाला बसवलं आणि सांगितलं. हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे. शरीराचं सैन्य, जे बाहेरच्या शत्रूवर जायला हवं, ते आपल्याच नसांवर तुटून पडतं. तोंडात, कातडीत, खाली, आणि डोळ्याच्या आतल्या बारीक नसांत. तोंडातला फोड भरून येतो, डोळ्यातली नस भरून येत नाही. तरुण पुरुषांना डोळ्याचं जास्त वाईट होतं. डावा बहुतेक गेला. उजव्यात सुरुवात झालीय, तो वाचवायचा तर औषध थांबता कामा नये, एक दिवसही नाही.

"आनि ह्ये येतं कुठनं?" मी विचारलं.

"एकाच कारणानं येत नाही. पण काही लोकांच्या रक्तात एक खूण असते, आई किंवा बापाकडून आलेली. ती असली की धोका वाढतो."

हे ऐकलं आणि हुर्शित खुर्चीत सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एडक्यांच्या दिवशी बघतो, त्यानं निवडलेला एडका सगळ्यांत उजवा ठरला की. मुलाच्या पट्टीखाली डोळा विझत होता आणि हा खूश झाला होता.

"खूण. मी काय म्हनत हुतो, रिफात? रगतात हाय. बाई, कुनाकुनात असती ती?"

"आपल्या भागात चार-पाच माणसांमागं एकात."

"चार-पाचांत..." त्याला नीट ऐकू आलं नसावं असं त्याला वाटलं. "म्हंजे घराण्यांत?"

"माणसांत. इथून चीनपर्यंत, उंटांच्या जुन्या व्यापारी वाटेवर गावागावांत सापडते. बहुतेकांना कळतही नाही. तुमच्या चहाच्या दुकानात पत्ते खेळणाऱ्यांत दोघाचौघांना असेल, ते म्हातारे होऊन मरतील आणि त्यांना काही होणार नाही."

"मेंढक्यांच्यात बी?"

"मेंढक्यांत, झाडूवाल्यांत, माझ्यात. मी तपासून घेतलीय. मला आजवर एक फोड आलेला नाही."

मुलगा आंधळा होतोय हे हुर्शितनं उन्हाळाभर पचवलं होतं. आपलं रक्त चार-पाचांत एकाचं निघालं हे मात्र त्याला पचेना. रंग उतरला त्याचा. मी आयुष्यात त्याला एवढं दुःखी बघितलं नव्हतं, आणि मला त्याची कीव आली असती, जर शेजारच्या खाटेवर तहसीन नसता.

मला मात्र बेकिरचं विचारायचं होतं. "बाई, आनि सख्ख्या भावाला काईच न्हाई झालं, तर त्यो बापाचा न्हाई असं म्हनायचं का?"

"का म्हणून? एका भावाला खूण मिळते, दुसऱ्याला नाही. किंवा दोघांना मिळते आणि एकच आजारी पडतो." तिनं माझ्याकडं बघितलं. "असं कुठल्या गाढवानं सांगितलं?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त शेजारी बघितलं.

हुर्शितला आता तिथून निघायचं होतं. त्यानं तहसीनची पिशवी उचलली. "ऊठ. घरी चल. ह्यांची औषदं काय असत्यात मला ठावं हाय. नर्स म्हनत हुती, एक गोळी कुरनातल्या त्या जांभळ्या फुलापास्नं काडत्यात. शरदात उगवतंय त्ये. मेंढरानं खाल्लं की पाय झाडून मरतंय. त्ये चारत्यात माझ्या पोराला." आणि मग, बाईकडं बघून, "वर त्या झाडूवालीशी लगीन करनार ह्यो. तिच्या भावात बी त्येच खोड. असला एडका असल्या मेंढीवर मी जन्मात सोडला नसता."

तहसीन उशीवर वळला. त्याचा एक डोळा पट्टीखाली होता, दुसरा लाल व्हायला लागला होता.

"एडका असतो तर बरं झालं असतं, बाबा," तो म्हणाला. "कवाच पापनी ओढून बगितला असता तुम्ही डोळा."

हुर्शित पिशवी खाली ठेवून निघून गेला. बाहेर मिनीबसच्या थांब्यावर त्यानं मला एवढंच विचारलं की ती डॉक्टरीण मूळची कुठली असेल. मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणाला, झाडूवाल्यांच्यातली असणार.

दुकानात आल्यावर मी सगळं सांगितलं, सुईचा फोडही. मला सांगायला मजा आली, खोटं कशाला बोलू. बेकिर कोपऱ्यात ऐकत होता. त्यानं हातातला अक्रोड फोडला, पण खाल्ला नाही. हुर्शित आत आला तेव्हा तो त्याच्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"मला काय सांगू नगंस," तो म्हणाला. "आयच्या थडग्यावर जाऊन सांग."

हुर्शित गेला नाही. बापाच्या थडग्यावर मात्र तो दर शुक्रवारी जायचा, तिथं चिंध्या होत्या आणि बघणारे होते.

तहसीनचा डावा डोळा गेला. उजवा वाचला. मुनेव्वरशी लग्न झालं. लग्नाआधी दोघांनी जाऊन बाईंना विचारलं, मुलांना होईल का. बाई म्हणाल्या, होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही, डोळा लाल दिसला की त्याच दिवशी आणा. एवढ्यावर ती दोघं संसाराला लागली. तहसीन एका डोळ्यानं मेंढरं बघतो, कुरणातल्या जांभळ्या फुलांपासून कळप लांब ठेवतो, आणि दुकानात येऊन चहाबरोबर गोळी गिळतो. हुर्शितनं गावाला सांगितलं की मुलाचा डोळा एडक्याच्या शिंगानं गेला. शिंगात निदान मर्दुमकी असते. तहसीनला कुणी विचारलं तर तो म्हणतो, "शिंग न्हाई. उशीर."

गेल्या शरदात एडके सोडायच्या दिवशी मी तिथं होतो. एडक्यांच्या पाठी लाल रंगानं रंगवायच्या, शिंगांना सफरचंदं टोचायची आणि सोडायचं. तहसीन ब्रश घेऊन रंगवत होता, हुर्शित पापण्या ओढून एडके बघत होता. तहसीनची मुलगी नेसिबे, शाळेत जाऊ लागलेली, डोळा चोळत आली. डोळा लाल होता.

हुर्शितनं हातातला एडका सोडला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला आनंद झाला होता, हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. "आगं माझ्या राणी. आज्याचा डोळा. हिकडं ये, तुला पाशाची गोष्ट सांगतो..."

तहसीननं ब्रश रंगाच्या डब्यात टाकला, मुलीला उचललं आणि रस्त्याकडं चालू लागला.

"आरं, येळ टळतीया," हुर्शित ओरडला. "एडकं सोडायचं हायती. डोळ्याला काय हुतंय, उतरंल सांजपतोर."

तहसीन वळलासुद्धा नाही. मिनीबस मिळाली, गेला. एडक्याची पाठ निम्मी रंगवलेली होती. बेकिरनं डब्यातून ब्रश काढला आणि उरलेली निम्मी रंगवली.

संध्याकाळी बापलेक माझ्या दुकानात आली. डोळ्यात कडब्याचं कुसळ गेलं होतं. बाईंनी डोळा धुतला, आत दिवा घालून नीट बघितलं आणि घरी पाठवलं. मुलीच्या हातात तीळ लावलेलं पावाचं कडं होतं, निम्मं खाल्लेलं.

"काय निघालं?" हुर्शित खुर्चीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काय न्हाई. दीस घालवला एडक्यांचा, कुसळापायी."

"काय न्हाई ह्ये डागदरीनबाईंनी सांगितलं," तहसीन म्हणाला. "पाशानं न्हाई." आणि तो चांगला डोळा दाराकडं ठेवून बसला, म्हणजे गेलेला डोळा बापाकडं आला.

नेसिबे आज्याच्या मांडीवर चढली. सकाळी बाईंनी जे केलं ते तिनं लक्ष देऊन बघितलं असणार. तिनं अंगठ्यानं हुर्शितची खालची पापणी ओढली आणि आत डोकावली. "आज्या," ती म्हणाली, "तुझाबी लाल हाय. उद्या जाऊ या आपन. दुखत न्हाई."

हुर्शितनं तिचा हात बाजूला केला, मांडीवरून उतरवलं, आणि मला चहा मागितला. कोमट दे म्हणाला, तोंड आलंय.

मी दिला. साखर घालताना हात मिठाच्या बरणीकडं गेला होता, पण मीठ घातलं असतं तरी तो सगळ्यांकडं बघत तोंडात घोळवूनच प्याला असता.